ग्रीक निम्फ नेमक्या कोण होत्या? प्रकारांच्या यादीआधी जागा बघा

प्रश्न थोडक्यात असा: ग्रीक पुराणकथांतल्या निम्फ म्हणजे कोण, नायड, ड्रायड, ओरियड, नेरीड हे त्यांचे प्रकार कसे ओळखायचे, त्या अमर होत्या की त्यांनाही मरण होतं, आणि लोक त्यांची खरोखर पूजा करत की त्या फक्त कवींच्या कल्पनेत होत्या?

पूजा करत, आणि मनापासून करत. ग्रीसच्या डोंगरांतल्या कितीतरी गुहांमध्ये निम्फांना वाहिलेल्या मातीच्या मूर्ती, कोरीव शिळा, भांडी आणि दिवे सापडले आहेत. गावच्या झऱ्याची निम्फ शेतकऱ्याला, धनगराला आणि लग्नाच्या मुलीला अगदी जवळची होती, कारण रोजचं पाणी तिच्याकडून यायचं. म्हणून निम्फ समजून घ्यायची असेल तर प्रकारांच्या तक्त्यापासून सुरुवात करू नका. कुठला झरा, कुठली गुहा, कुठलं शहर, हे आधी विचारा.

तो तक्ता सगळीकडे दिसतो: गोड्या पाण्यातली ती नायड, झाडातली ड्रायड, डोंगरातली ओरियड, दरीतली नपाया, कुरणातली लेमोनिअड. पाठ करायला सोपा आहे, पण अशी काटेकोर विभागणी बरीचशी उशिराच्या टीकाकारांनी आणि कोशकारांनी केलेली आहे. होमर ‘नायड’ म्हणतो, ‘डोंगरातल्या निम्फ’ही म्हणतो, पण ते राहण्याच्या जागेचं वर्णन म्हणून. इलियडच्या विसाव्या सर्गात झ्यूस सगळ्या देवांना सभेला बोलावतो, तेव्हा राया, नद्यांचे उगम आणि गवताळ कुरणं इथे राहणाऱ्या निम्फही येतात. वेगवेगळ्या जमाती म्हणून त्यांची हजेरी लागत नाही. दगडावर नवस कोरून घेणारा भक्त तर बहुतेक वेळा नुसतं ‘निम्फांना’ एवढंच लिहितो, किंवा त्यांच्या ठिकाणाचं नाव देतो.

ही स्थानिक नावं मोलाची आहेत. डेल्फीच्या वर पर्नासस डोंगरात कोरिकियन निम्फ. किथेरॉन डोंगरातल्या गुहेत स्फ्रागिटिडीज, इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या लढाईआधी अथेन्सला जो कौल मिळाला त्यात झ्यूस, हेरा आणि बकऱ्याच्या पायांचा देव पॅन यांच्याबरोबर यांचीही प्रार्थना करायला सांगितलं होतं, असं प्लुटार्क लिहितो. एलिस प्रांतात आयोनिडीज नावाच्या चौघी होत्या. प्रवासवर्णनकार पॉसेनियसने त्यांची नावंही दिली आहेत: कॅलिफाइया, सिनालॅक्सिस, पेगाइया आणि इआसिस. त्यांच्या झऱ्यात आंघोळ केली की अंगदुखी जाते अशी समजूत होती. त्याच प्रांतात सामिकॉनजवळ, अनिग्रॉस नदीकाठच्या गुहेत अनिग्रिडीज होत्या आणि त्यांच्याकडे त्वचारोगी यायचे. तिथला क्रमही पॉसेनियस सांगतो: आधी निम्फांची प्रार्थना, मग अमुक बळी देईन असा नवस, मग रोग झालेला भाग पुसून काढायचा आणि नदी पोहून पलीकडे जायचं. रोग पाण्यात राहतो, माणूस नितळ अंगाने बाहेर येतो. त्या नदीच्या पाण्याला उग्र दर्प होता हेही तो नोंदवतो.

शहरांच्या बाबतीत निम्फ ही वंशावळीची बाब होती, आणि वंशावळीला राजकीय वजन होतं. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सकडून हरल्यावर थीब्जच्या लोकांनी डेल्फीला कौल लावला. ‘जे सगळ्यांत जवळचे त्यांच्याकडे मदत मागा’ असं उत्तर आलं. शेजारची गावं तर आधीच आपल्या बाजूने लढतात, मग जवळचे म्हणजे कोण? तेव्हा सभेत कोणीतरी म्हणालं की थीबी आणि एजिना या दोघी असोपॉस नदीच्या मुली, म्हणजे सख्ख्या बहिणी. कौल एजिनाबद्दल आहे. आणि थीब्जने खरंच एजिना बेटाकडे मदत मागितली. हिरोडोटसने हे सविस्तर लिहिलं आहे. नदीची मुलगी असलेली निम्फ आणि तिच्या नावाचं शहर हे नातं परराष्ट्र व्यवहारात चालत होतं. थेसलीच्या लारिसा शहराच्या नाण्यांवर लारिसा निम्फचा चेहरा आणि सिराक्यूजच्या नाण्यांवर अरेथुसाचा, हा त्याच विचाराचा भाग.

प्रकारांबद्दल जेवढं भक्कम आहे तेवढं सांगतो. नेरीड आणि ओशनिड या दोन गटांना ठरलेले आईबाप आहेत, म्हणून त्यांची सरमिसळ करू नये. नेरीड म्हणजे समुद्राचा म्हातारा नेरेऊस आणि डोरिस यांच्या पन्नास मुली. अकिलिसची आई थेटिस त्यांतली. ओशनिड म्हणजे ओकेआनॉस आणि टेथिस यांच्या मुली. प्राचीन कवी हेसिअड त्यांतल्या ४१ जणींची नावं देतो आणि या फक्त थोरल्या, एकूण तीन हजार आहेत, असं सांगतो. नद्या हे त्यांचे भाऊ, तेही तितकेच. इथे एक चूक फार होते: ओशनिड म्हणजे खाऱ्या समुद्रातल्या असं धरलं जातं. ओकेआनॉस हा पृथ्वीभोवती वाहणारा प्रवाह आहे आणि सगळ्या नद्या-झरे त्याच्यापासून निघतात, त्यामुळे बऱ्याच ओशनिड गोड्या पाण्याच्या आहेत. तिसरा गट मेलिया. क्रोनॉसने आपल्या बापाला, युरेनसला, कापलं तेव्हा जमिनीवर सांडलेल्या रक्तातून त्या उपजल्या; त्यांचा संबंध अ‍ॅश वृक्षाशी. नायड, ओरियड वगैरे बाकीची नावं पत्त्यासारखी वाचावीत. एकच निम्फ डोंगरातल्या झऱ्याची असेल तर ती दोन्ही आहे, आणि ग्रीक माणसाला त्यात काही खटकत नव्हतं.

आता मरणाबद्दल. अ‍ॅफ्रोडाइटीच्या होमरी स्तोत्रात याचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर मिळतं. निम्फ मर्त्यांतही मोडत नाहीत आणि अमरांतही नाहीत. त्या दीर्घकाळ जगतात, देवांचं अन्न खातात, देवांबरोबर नाचतात. त्या जन्मतात तेव्हा त्यांच्याबरोबर पाइन आणि ओक उगवतात. ती झाडं देवांची राई म्हणून ओळखली जातात, कोणी त्यांना कुऱ्हाड लावत नाही. मरण जवळ आलं की आधी झाड उभ्या जागी वाळतं, साल सुकून आक्रसते, फांद्या गळतात, आणि मग निम्फ आणि झाड यांचे प्राण एकदमच जातात. हा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण ‘झाड तोडलं की आतली निम्फ मरते’ हे त्याचं अर्धवट रूप आहे. स्तोत्रात झाड म्हातारं होऊन वाळतं. कुऱ्हाडीची गोष्ट वेगळ्या कथांमधून येते. अपोलोनियसच्या आर्गोनॉटांच्या काव्यात पॅरेबियसचा बाप हमाड्रायडने (झाडाशी जीव जोडलेल्या निम्फने) रडून विनवलं तरी तिचा ओक तोडतो आणि तो शाप मुलाला भोवतो: जितके जास्त कष्ट तितकी जास्त गरिबी. त्यावर उतारा म्हणून भविष्यवेत्ता फिनेउस त्याला त्या निम्फची वेदी बांधून तिथे बळी द्यायला सांगतो.

आयुष्याचा आकडाही आहे. प्लुटार्कने जपून ठेवलेल्या हेसिअडच्या ओळींत हिशोब असा: कावळा माणसाच्या नऊ पिढ्या जगतो, हरीण चार कावळ्यांइतकं, डोमकावळा तीन हरणांइतका, फिनिक्स नऊ डोमकावळ्यांइतका आणि निम्फ दहा फिनिक्सइतकी. गुणाकार केला तर ९,७२० पिढ्या होतात. पिढी म्हणजे एक वर्ष धरायचं की तीस वर्षं, यावर प्लुटार्कच्या संवादातली मंडळीच वाद घालतात. त्यामुळे कुठे ‘निम्फचं आयुष्य ९,७२० वर्षं’ असं छातीठोकपणे लिहिलेलं दिसलं तर त्यात पिढीला वर्ष मानलं आहे हे ओळखा. आणि हा नियम सगळ्यांना लागू नाही. थेटिस किंवा कॅलिप्सो मरतील असं होमरमध्ये कुठेही सूचित होत नाही; कॅलिप्सो तर ओडिसिअसलाच अमर करायला निघाली होती.

पूजेत काय वाहायचं? इथेही जागेप्रमाणे नियम बदलतात, आणि विषयातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हाच. अथेन्समध्ये निम्फांना वाहायच्या अर्घ्यात वाइन चालत नसे, असं पोलेमॉनच्या नावावरची एक जुनी टीप सांगते. अशा वाइनविरहित अर्घ्यात मध, दूध, पाणी येतं. थासोस बेटावर सापडलेल्या, सध्या लुव्र संग्रहालयात असलेल्या इ.स.पू. ४८० च्या सुमाराच्या शिळेवर स्वच्छ कोरलंय: निम्फांना आणि त्यांचा म्होरक्या अपोलो याला मादी किंवा नर, हवा तो प्राणी द्या, मेंढी चालत नाही, डुक्कर चालत नाही, पेआन (स्तुतिगीत) गायचा नाही. आणि नेमकं याच्या उलट कॉरिंथजवळच्या पित्सा गुहेत. तिथे १९३४ मध्ये इ.स.पू. ५४०–५३० च्या सुमारच्या रंगवलेल्या लाकडी पाट्या मिळाल्या. ग्रीक लाकडी चित्रं इतकी जुनी जवळजवळ टिकलेलीच नाहीत, म्हणून त्या अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. सर्वांत चांगली पाटी जेमतेम ३० सेंटिमीटर रुंद आहे. लाकडावर पांढऱ्या लेपाचा थर देऊन त्यावर लाल, निळ्या रंगांत चित्र काढलंय: छोटी वेदी, डोक्यावर पूजेचं तबक घेतलेली आणि हातातल्या भांड्यातून अर्घ्य ओतणारी बाई, मागे बळीचं कोकरू घेऊन आलेला मुलगा, लायर आणि जोडपावा वाजवणारी पोरं, हातात डहाळ्या घेतलेल्या बायका. बायकांची नावंही लिहिली आहेत, युथिडिका आणि युकोलिस, आणि पाटी निम्फांना वाहिल्याचं लिहिलंय. म्हणजे थासोसला जे निषिद्ध, तेच पित्सात मिरवत नेलं जातं. ओडिसीत डुकरं राखणारा युमेअस डुक्कर कापून त्याचे सात वाटे करतो आणि एक वाटा निम्फ आणि हर्मिस यांच्यासाठी काढून ठेवतो. म्हणून ‘निम्फांना अमुक बळी द्यायचे’ असं सरसकट विधान करणारा मजकूर जपून वाचावा.

पाणी स्वच्छ ठेवणं हा पूजेचाच भाग होता. हेसिअड झऱ्यात लघवी करू नका म्हणतो, आणि नदी ओलांडण्याआधी पाण्याकडे बघून प्रार्थना करा, हात धुवा, असंही. डेलॉसच्या मिनोए झऱ्यावरचा लेख आणखी रोखठोक आहे: इथे काही धुवायचं नाही, पोहायचं नाही, शेण टाकायचं नाही, मोडणाऱ्याला दोन द्राख्मा दंड, तो देवस्थानाला.

असाच नियम अथेन्सच्या दक्षिणेला, हिमेटस डोंगरातल्या वारी गुहेत आहे: आतडी बाहेर धुवा, शेण साफ करा. बळी दिल्यावर गुहेत काय घाण व्हायची ते एवढ्या एका ओळीतून कळतं. ही गुहा इ.स.पू. पाचव्या शतकात थेरा बेटाहून (आजचं सँटोरिनी) आलेल्या आर्केडेमॉस नावाच्या माणसाने घडवली. अमेरिकन अभ्यासकांनी तिचं १९०१ मध्ये उत्खनन केलं. आर्केडेमॉस स्वतःला ‘निम्फांनी धरलेला’ म्हणवतो, त्यांच्याच सांगण्यावरून गुहा कोरली आणि त्यांच्यासाठी बाग लावली, असं दगडावर लिहितो. शेजारी त्याने स्वतःची आकृती कोरली आहे, हातात हत्यारं घेतलेली. हात काही सराईत शिल्पकाराचा नाही, आणि म्हणूनच ती बघताना एका साध्या माणसाची भक्ती समोर उभी राहते.

थेसलीत फार्सालाजवळच्या गुहेत पँटाल्किस हा त्याचाच जोडीदार म्हणावा असा. तिथल्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या पद्यलेखात कोणत्या देवाने त्याला काय दिलं ते सांगितलंय: निम्फांनी या जागेची देखरेख दिली, हेराक्लिसने दगड फोडून वर जायची वाट करण्याचं बळ, पॅनने हसू आणि मौज, अर्धा घोडा असलेल्या कायरॉनने शहाणपण आणि गाणं. शेवटी येणाऱ्याला सांगणं की वर चढा, बळी द्या, प्रार्थना करा, आनंद करा. इथे सगळ्या दुःखांचा विसर पडतो.

‘निम्फांनी धरणं’ हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याला दोन बाजू आहेत. एक बाजू प्रेरणेची: वाणी फुटणं, भविष्य सांगणं. किथेरॉनच्या परिसरातल्या कितीतरी लोकांना असं वारं होतं, असं प्लुटार्क म्हणतो. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये इलिसॉस नदीकाठी झाडाखाली बसलेला सॉक्रेटिस आजूबाजूच्या मूर्ती बघून ही जागा निम्फांची आणि नदीदेव अकेलोऑसची दिसते असं ओळखतो, आणि बोलण्याच्या भरात आपल्याला त्या धरतील की काय असं म्हणतो. दुसरी बाजू भीतीची. हेराक्लिसचा तरुण सोबती हिलास पाणी भरायला झऱ्यावर वाकतो आणि निम्फ त्याला आत ओढतात. थिओक्रिटस तिघींची नावं देतो, अपोलोनियस एकीचंच काम म्हणतो. भूगोलकार स्ट्राबोच्या काळातही, जिथे हे घडलं असं मानत तिथले लोक उत्सवात डोंगरात फिरत हिलासला हाका मारत. लहानपणी गेलेल्या मुलांच्या थडग्यांवर ‘निम्फांनी नेलं’ असे लेख मिळतात.

लग्नाशी त्यांचा संबंध पक्का आहे. ग्रीकमध्ये नवरीलाही हाच शब्द आहे. अथेन्समध्ये नवरीच्या आंघोळीचं पाणी कॅलिरोई झऱ्यावरून यायचं, हे थ्युसिडिडीज सांगतो. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर निम्फचं छोटं देवस्थान १९५० च्या दशकात उजेडात आलं, आणि तिथे लग्नाच्या पाण्याचे उंच मानेचे घडे ढिगाने मिळाले.

संग्रहालयात किंवा फोटोत तीन बायकांची शिळा दिसली की लगेच ‘निम्फ’ म्हणू नका. कॅरिटीज (सौंदर्याच्या देवी) आणि होरा (ऋतूंच्या देवी) याही तिघी असतात. आजूबाजूला बघा. चौकट गुहेच्या तोंडासारखी खडबडीत आहे का? कडेला शिंगं असलेला दाढीवाला चेहरा, म्हणजे अकेलोऑस नदी, आहे का? पुढे हर्मिस हात धरून नेतोय का, वर खडकावर बकऱ्याच्या पायांचा पॅन बसलाय का? यातल्या एकदोन खुणा जुळल्या तर निम्फ नक्की. कालनिर्णयासाठीही एक खूण आहे: अथेन्सने पॅनची पूजा मॅरेथॉनच्या लढाईनंतर, म्हणजे इ.स.पू. ४९० नंतर स्वीकारली. त्यामुळे अ‍ॅटिकातल्या शिळेवर निम्फांबरोबर पॅन असेल तर ती त्यानंतरची. सुट्या मातीच्या मूर्तींवरून मात्र फार अनुमान काढता येत नाही. बसलेल्या बाईची तीच मूर्ती डीमीटरच्या देवळातही मिळते. लोक बाजारात मिळेल ती घेऊन वाहायचे. कोरिकियन गुहेत १९७० पासूनच्या फ्रेंच उत्खननात मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याची हाडं वीस हजारांहून जास्त निघाली. ती खेळायला आणि कौल लावायला, दोन्हीला वापरत. काहींना ती भविष्यकथनाची साधनं वाटतात, काहींना वयात येणाऱ्या मुलामुलींनी वाहिलेली खेळणी. मला दुसरं कारणही तितकंच पटतं, दोन्ही एकत्र चालत असणार.

नातेवाईक मंडळी थोडक्यात. सॅटर आणि सायलेनॉस हे अर्धे माणूस, अर्धे पशू असे रानातले निम्फांचे सोबती, पण ‘पुरुष निम्फ’ नव्हेत. ती जागा द्यायचीच तर नद्यांच्या देवांना द्यावी, कारण झऱ्यांचे बाप तेच. मीनड या डायोनायससच्या भक्त बायका, बहुतेक माणसंच. त्याला लहानपणी सांभाळणाऱ्या दाया मात्र निम्फ. आर्टेमिसच्या सगळ्या निम्फ कुमारिका हे खरं, पण सगळ्या निम्फ आर्टेमिसच्या नाहीत. कॅलिमाकसच्या स्तोत्रात ती बापाकडे साठ ओशनिड आणि बूट-कुत्रे सांभाळायला वीस अम्निसियन निम्फ मागते, तेवढाच तिचा लवाजमा. बाकीच्यांना मुलंबाळं आहेत. इलियडमधले कितीतरी योद्धे नायडचे मुलगे आहेत.

मराठीत निम्फला सर्रास ‘अप्सरा’ म्हणतात, ते फसवं आहे. अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचतात, तपस्व्याकडे पाठवल्या जातात. निम्फ आपला झरा सोडून सहसा जात नाही. ओळखीचं काही हवंच असेल तर नदीकाठच्या साती आसरा आठवा: पाण्याला बांधलेल्या, समूहाने असणाऱ्या, वर देणाऱ्या आणि धरणाऱ्याही. दोघींत ऐतिहासिक नातं आहे असा अर्थ काढू नये, पण मनात चित्र बरोबर उभं राहतं.

शेवटी स्रोतांबद्दल. डॅफ्नी, सिरिंक्स, एको यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत प्रामुख्याने ओव्हिडमुळे पोचल्या, आणि तो इ.स. ८ च्या सुमाराचा लॅटिन कवी आहे. एको आणि नार्सिसस ही जोडी आपल्याला आधी त्याच्याकडेच भेटते. लाँगसच्या ग्रीक कथेत एकोची कहाणी वेगळीच आहे: पॅनच्या रागामुळे वेडे झालेले मेंढपाळ तिचे तुकडे करतात आणि पृथ्वी ते गाणारे तुकडे पोटात घेते. म्हणून कुठलीही निम्फकथा वाचताना वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणी सांगितली, कोणत्या शतकात, आणि कोणत्या ठिकाणची. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पॉसेनियस उघडा. त्याने इ.स. दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घातला, आणि झरा दिसला की तो कोणाचा हे तो बहुधा विचारतोच.